तिसऱ्या रकान्यातला नंबर

ईरा आणि नील,

मागच्या महिन्यात नीलने फोनवर विचारलं, ‘‘आजी, लॉकडाउनमध्ये तू रोज अकरा वाजले की आमचा फोन ठेवून कुणाशी बोलायचीस?’’ मी ‘कामाचं होतं’ एवढंच म्हणाले. ते उत्तर आठ वर्षांच्या मुलाला पुरलं असतं. आता तू तेरा वर्षांचा आहेस. त्याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलं, म्हणून एकाच लिखाणात दोघांना उत्तर देते आहे. संपादकांनी शब्दमर्यादा दिली आहे, ती मी पाळणार. तुम्ही वाचताना अडलात तर आईला विचारा. तिचं मराठी अजून शाबूत आहे.

तुमची आजी समुपदेशक होती, हे तुम्हाला माहीत आहे. ते काम म्हणजे काय, हे तुमच्या आजोबांनाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. त्यांना वाटायचं, मी लोकांना सल्ले देते. सल्ला द्यायला पुण्यात पगारी माणूस कशाला लागतो? तो बसस्टॉपवरही मिळतो. मी समोरच्याचं ऐकायची, मधूनमधून प्रश्न विचारायची आणि त्याला स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकू यावं अशी व्यवस्था करायची. ज्यांना औषधाची गरज असेल त्यांना डॉक्टरांकडे पाठवायची. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर कोथरूडमधल्या एका छोट्या केंद्रात मी आठवड्यातले चार दिवस हेच करत होते. दोन खुर्च्या, एक खिडकी, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि रुमालांचा डबा.

मग एका आठवड्यात ती खोली बंद झाली आणि लोकांची गरज तर वाढलेली. केंद्राच्या बाईंनी सांगितलं, ‘‘उद्यापासून सगळं व्हिडिओवर.’’ मी सहासष्ट वर्षांची होते. लॅपटॉपवर आलेल्या पत्रांना उत्तरं देण्यापलीकडे माझी मजल नव्हती. ईरा, तू तेव्हा दहा वर्षांची होतीस आणि तिकडे परदेशातून मला शिकवायला बसलीस. ‘‘आजी, तुझं फक्त कपाळ दिसतंय.’’ ‘‘आजी, तू म्यूट आहेस.’’ ‘‘आजी, ओरडू नकोस, मी ऐकू शकते.’’ पोह्याच्या आणि रव्याच्या स्टीलच्या डब्यांवर लॅपटॉप ठेवला की कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो, हा शोध आपला दोघींचा. पुढची दोन वर्षं माझ्या घरात ते दोन डबे स्वयंपाकाला मिळाले नाहीत.

खोलीत माणूस समोर बसला की त्याचे पाय दिसतात. चपलेतला अंगठा हलतोय का, पिशवीचा बंद बोटांना गुंडाळला जातोय का, हे मी चेहऱ्याआधी बघायची. पडद्यावर पाय नसतात. शिवाय खोलीचं दार लावणं माझ्या हातात होतं. व्हिडिओवर दार त्यांच्या बाजूला, आणि पुष्कळांच्या घरात लावायला दारच नाही. म्हणून आम्ही नियम केला. प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला तीन गोष्टी विचारायच्या आणि तीन रकान्यांत लिहायच्या. आत्ता तुम्ही नेमके कुठे बसला आहात? तुमचं बोलणं कुणाला ऐकू जातंय का? आणि काही अडचण आली तर मी फोन करू शकेन असा तुमच्याजवळ राहणारा माणूस कोण, त्याचा नंबर काय? हा तिसरा रकाना पहिल्या दिवशी भरायचा आणि मग तसाच पुढे चालवायचा. मी त्यासाठी मोठी वही आखली. रेघा पट्टीने, शीर्षकं लाल शाईने.

दुसऱ्या रकान्याने मला हसवलं आहे, ते आधी सांगते. विश्रांतवाडीची एक सून होती, स्वाती म्हणू. दोन खोल्यांत सहा माणसं. ती पार्किंगमध्ये स्वतःच्या स्कूटरवर बसून, व्हिडिओ न लावता, माझ्याशी बोलायची. एकदा त्यांचा मजला सील झाला, खाली उतरता येईना. आमचं आधीच ठरलं होतं की मध्येच कुणी आलं तर तिने दुधाचं बोलायचं. ती सासूबद्दलच सांगत होती आणि मध्येच आवाज बदलून म्हणाली, ‘‘उद्या म्हशीचं अर्धा लिटर जास्त टाका.’’ मी म्हटलं, ‘‘बरं.’’ तेवढ्यात फोन सासूबाईंच्या हातात गेला.

‘‘अहो दूधवाल्या बाई, परवाचं दूध नासलं तुमचं.’’

‘‘चुकलं हो. उन्हामुळे झालं असेल.’’

‘‘ऊन आम्हालाही आहे. तुमचं तोंड बरं चालतं, तसं दूधही बरं द्या.’’

मी पुन्हा माफी मागितली. पुढच्या भेटीत स्वाती हसत हसत आली. तीन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं. म्हणाली, ‘‘ताई, त्यांच्यापुढे माफी मागणारं घरात आणखी कुणीतरी आहे, असं वाटलं मला.’’

आता तिसऱ्या रकान्याबद्दल. हे लिहिण्याआधी मी संबंधित गृहस्थांची परवानगी घेतली आहे. नावं अर्थात बदलली आहेत.

लिमये सर कर्वेनगरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत. शाळेत तांत्रिक चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, वय त्र्याहत्तर, मधुमेह. त्यांच्या पत्नी सुमतीताई पहिल्याच लाटेत रुग्णालयात गेल्या त्या परत आल्या नाहीत. एका नर्सने धरलेल्या फोनवर सरांनी त्यांना शेवटचं पाहिलं. मुलगा कॅनडात. विमानं बंद. त्याने केंद्राला कळवलं आणि सर माझ्याकडे आले. स्वतःहून नव्हे, मुलाने भरीला घातलं म्हणून.

पहिल्या मंगळवारी अकराला एक मिनिट कमी असताना ते पडद्यावर हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मागे भिंत आणि एक कोरा फळा.

‘‘सांगा, काय विचारायचं असतं तुमच्यात?’’

मी तीन गोष्टी विचारल्या. कुठे बसला आहात? ‘‘माझ्या घरात. सध्या सगळं जगच आपापल्या घरात आहे.’’ कुणाला ऐकू जातंय का? ‘‘ऐकायला माणूस असता तर आपल्याला तसदी दिली नसती.’’ जवळच्या माणसाचा नंबर? ‘‘तेवढं सोडा.’’

‘‘शेजारी कोण आहेत?’’ मी विचारलं.

‘‘समोर खरे. त्यांनी अकरा वर्षांपूर्वी माझ्या जागेत गाडी लावली. मी गाडीवर चिठ्ठी चिकटवली. चिकटवताना डिंक वापरला. तेव्हापासून आमचा संवाद सोसायटीच्या सूचनाफलकावर चालतो.’’

‘‘तरी कुणाचा तरी नंबर लागेल, सर. रकाना रिकामा ठेवता येत नाही.’’

‘‘मग लिहा.’’ त्यांनी एक लँडलाइनचा नंबर सांगितला. नाव विचारलं तर म्हणाले, ‘‘शेजारी, असंच लिहा. पुरे झालं.’’

मी ‘शेजारी’ असं लिहिलं, पुढे नंबर, पुढे टिकमार्क. तो नंबर फिरवून पाहिला नाही. तेव्हा पाहावा असं मनातही आलं नाही. माझ्या वहीत त्या दिवशी एकही रकाना रिकामा नव्हता आणि मी त्यावर समाधानी होते.

आठ मंगळवार असेच गेले. सर बोलायचे, पण सुमतीताईंबद्दल नाही. शाळेबद्दल, पेन्सिलीच्या टोकाबद्दल, खरे वहिनींबद्दल. वहिनींनी लॉकडाउनमध्ये डबे द्यायला सुरुवात केली होती आणि त्यांच्या फोडणीचा वास जिन्यात भरून राहायचा. ‘‘आमच्या मजल्यावर हवा नाही, हिंग आहे,’’ सर म्हणायचे. मी हसायची आणि लिहायची: विनोदबुद्धी शाबूत. प्रत्येक भेटीच्या शेवटी केंद्राने दिलेला इंग्रजी तक्ता भरायचा असे. त्यात झोप, भूक, औषधं. भुकेबद्दल मी आपल्या पद्धतीने विचारायची, ‘‘जेवण झालं का, सर?’’

‘‘झालं.’’

‘‘औषधं?’’

‘‘वेळेवर.’’

ही दोन्ही उत्तरं मी आठ वेळा लिहून घेतली. शर्ट थोडा सैल दिसत होता. पण पडद्यावर सगळेच वेगळे दिसतात, असं मी स्वतःला समजावलं.

नवव्या मंगळवारी सर अकराला पाच मिनिटं उशिरा आले. शर्टाचं एक बटण खालच्या काजात गेलं होतं. बोलणं अडखळत होतं. कपाळावर घाम होता. मी विचारलं, ‘‘सर, बरं वाटतंय ना?’’

‘‘थांबा. चहाचं आधण ठेवलंय, गॅस बंद करून येतो.’’

ते उठले आणि चौकटीबाहेर गेले. गॅसच्या बटणाचा आवाज आला. मग भांडं पडल्याचा. मग त्याहून जड असं काहीतरी पडल्याचा. नंतर काही नाही. माझ्यासमोर रिकामी खुर्ची आणि तो कोरा फळा.

मी हाका मारल्या. ‘‘सर! लिमये सर!’’ ईरा, तू मला ओरडू नकोस म्हणायचीस, त्या दिवशी मी खालच्या मजल्याला ऐकू जाईल इतकी ओरडले. मग वही उघडली. तिसरा रकाना. शेजारी. नंबर सुवाच्य अक्षरात होता. मी मोबाइलवरून तो फिरवला.

माझ्या कानाशी रिंग वाजायला लागली, आणि त्याच क्षणी लॅपटॉपमधूनही.

आधी मला कळेना. मी मोबाइल कानापासून दूर केला. लॅपटॉपमध्ये, सरांच्या त्या रिकाम्या खोलीत कुठेतरी लँडलाइन वाजत होती. मी फोन बंद केला, ती थांबली. पुन्हा लावला, पुन्हा वाजायला लागली. सरांनी मला स्वतःच्याच घरचा नंबर दिला होता.

आयुष्यभर मी नोंदींचा अभिमान बाळगला. त्या मिनिटाला मला माझ्या लाल शाईची लाज वाटली.

रुग्णवाहिकेला फोन केला, पत्ता सांगितला. निघतो म्हणाले. पण त्या दिवसांत पोहोचायला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि पोहोचले तरी दार कोण उघडणार? तेव्हा मला हिंग आठवला. लॉकडाउनच्या सुरुवातीला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोथरूड-कर्वेनगर भागात घरगुती डबे देणाऱ्यांची यादी आली होती. ती मी छापून, भोकं पाडून फाइलला लावली होती. तुमची आई याच सवयीवरून मला हसते. यादीत सरांच्या सोसायटीचं नाव होतं आणि पुढे ‘सौ. खरे, फक्त शाकाहारी’.

‘‘हॅलो, आजचे डबे संपले,’’ पलीकडून आवाज आला.

‘‘डबा नको आहे. तुमच्या समोरचे लिमये सर घरात पडले आहेत. मी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलत होते. एकटे आहेत.’’

मी कोण, ते माझ्याशी का बोलत होते, हे शेजाऱ्यांना सांगायचं नसतं. आमच्या कामातला तो पहिला धडा. मी तो त्या क्षणी मोडला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

‘‘ते आमच्याशी बोलत नाहीत हो,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘दार उघडायचे नाहीत ते.’’

‘‘त्यांना उघडता येणारच नाही. दार तोडावं लागेल बहुतेक. कुणी आहे का?’’

वहिनींनी आवाज खाली आणला. ‘‘तोडायला कशाला पाहिजे? किल्ली आहे माझ्याकडे. सुमतीताईंनी देऊन ठेवलीय. सहा-सात वर्षं झाली. आमच्या ह्यांना माहीत नाही आणि त्यांच्या ह्यांनाही नाही.’’

दोन नवरे सूचनाफलकावर भांडत असताना एका बायकोने दुसरीच्या हातात घराची किल्ली ठेवली होती.

‘‘मग जाता का आत?’’

वहिनी म्हणाल्या, ‘‘बाई, खरं सांगा. त्यांना तो नाही ना झालेला? माझ्या घरात ऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत.’’

तुम्हा दोघांना आज हा प्रश्न कदाचित विचित्र वाटेल. त्या वर्षी माणसं जवळच्यांच्याही घरात पाऊल टाकत नव्हती. मला ‘नाही’ म्हणायचा मोह झाला. पण मला ठाऊक नव्हतं.

‘‘माहीत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘खोटं कसं सांगू?’’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग वहिनी म्हणाल्या, ‘‘सुमतीताईंनी किल्ली दिली ती काय शोभेला? थांबा, मास्क लावते.’’

त्यानंतरची दोन-तीन मिनिटं मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. माझ्या नोकरीतली ती सर्वांत मोठी दोन-तीन मिनिटं. दिवसा सर आतून कडी घालत असतील का, हा एकच विचार डोक्यात. मग लॅपटॉपमध्ये लॅच फिरल्याचा आवाज आला. चौकटीत निळा मास्क लावलेली, ओढणी डोक्याला गुंडाळलेली एक बाई आली. हातात झारा तसाच होता, ठेवायचा राहून गेलेला.

‘‘कुठे आहेत?’’ ती थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाली.

‘‘स्वयंपाकघरात बघा.’’

ती चौकटीबाहेर गेली. आणि मग तिचा आवाज आला, ‘‘डोळे उघडे आहेत! घामाने भिजलेत. काहीतरी पुटपुटतायत.’’

‘‘आधी गॅस नीट बंद आहे का बघा. मग त्यांना गिळता येतंय का ते बघा. येत असेल तरच साखरेचं पाणी, चमच्या-चमच्याने.’’

‘‘साखर कुठे ठेवलीय यांनी?’’ डबे उघडल्याचे, आपटल्याचे आवाज. ‘‘अगं बाई. अहो, इथे चहाच्या पुडीशिवाय काहीच नाहीये. डबे रिकामे आहेत. फ्रिजमध्ये नुसतं लिंबू आहे.’’

वहिनींनी समोरून स्वतःच्या घरातली साखर आणली. थोड्या वेळाने मला सरांचा आवाज ऐकू आला. क्षीण होता, पण शब्द स्पष्ट होते.

‘‘तुम्ही आत कशा आलात?’’

‘‘दारातून,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘गिळा.’’

मी लॅपटॉपवर डोकं टेकलं. पोह्याचा डबा घसरला, लॅपटॉप कलंडला आणि पुढचं सगळं मी आडवं पाहिलं. रुग्णवाहिका आली, पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, सर खुर्चीवर बसून त्यांच्याशी वाद घालत होते. जो माणूस वाद घालतो तो जगतो, अशी माझी तेव्हा पक्की समजूत झाली.

दोन दिवस ते रुग्णालयात राहिले. करोना नव्हता. वहिनींच्या सासूबाई अजूनही ठणठणीत आहेत. साखर उतरून चक्कर आली होती, कारण गोळ्या वेळेवर आणि पोटात काही नाही. औषधांबद्दल सर खोटं बोलले नव्हते, गोळ्या खरंच वेळेवर होत्या.

पुढच्या मंगळवारी अकराला एक मिनिट कमी असताना पडद्यावर सर. मी म्हटलं, ‘‘तुम्ही मला तुमच्याच घरचा नंबर दिलात.’’

‘‘तुम्ही नंबर मागितलात, मी नंबर दिला. तपासणं तुमचं काम. मी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या.’’

हे मला लागलं, कारण खरं होतं.

‘‘आणि जेवण? आठ आठवडे मला ‘झालं’ म्हणत होतात.’’

त्यांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. मग सुमतीताईंचं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं.

‘‘सुमती विचारायची, वाढू का? मी म्हणायचो, वाढ. तेवढंच माझं काम. आता मुलगा विचारतो, तुम्ही विचारता, शाळेतले लोक विचारतात, झालं का? त्याला झालं म्हटलं की विषय संपतो. मला मरायचं नव्हतं, बाई. पण एकट्यासाठी कुकर लावायचा म्हटलं की हात उचलत नव्हता. आज नको, उद्या बघू, असं करत गेलो.’’

आणि चाळीस मिनिटं ते सुमतीताईंबद्दल बोलले. मी तक्ता बाजूला ठेवला.

त्या दिवसापासून मी माझी पद्धत बदलली. ‘जेवण झालं का’ हा आपल्याकडे प्रश्न नाही, नमस्कार आहे. त्याला नाही म्हणणं म्हणजे विचारणाऱ्याला कामाला लावणं, आणि भिडस्त माणूस ते करत नाही. मी जन्मभर मराठी बोलत आले, तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग मी सगळ्यांना सांगायला लागले, ‘‘फोन स्वयंपाकघरात न्या. आज काय केलंय ते दाखवा.’’ काहींना राग आला. काहींनी रिकामा ओटा दाखवला. त्यांच्याशी मग खरं बोलणं सुरू झालं. आणि तिसऱ्या रकान्यातला प्रत्येक नंबर मी त्यांच्या देखत फिरवून बघायला लागले. जुन्या सत्तावीस जणांचे तपासले. चार नंबर बंद होते आणि एक कुठल्याशा कपड्यांच्या दुकानाचा होता.

सरांचाही नवा नंबर घेतला. मी फिरवला. जिन्यापलीकडे रिंग वाजलेली लॅपटॉपमधून ऐकू आली. फोन श्रीयुत खरे यांनी उचलला. ‘‘लिमये का? त्यांना म्हणावं, गाडी तिथेच राहील. पण डबा साडेबाराला येईल.’’

डबा येत राहिला. रिकामा डबा सर धुऊन, आत चिठ्ठी घालून परत पाठवायचे. ‘आमटीत गूळ जास्त.’ वहिनी दुसऱ्या दिवशी झाकणावर उत्तर चिकटवायच्या. ‘मधुमेहींनी आमटी ठेवायची होती.’ सूचनाफलक ओस पडला, असं ऐकते. हा मजकूर मी सरांना वाचायला दिला. त्यांनी लाल पेनाने ‘बेशुद्ध’ हा शब्द काढला आणि ‘चक्कर’ लिहिलं. त्याप्रमाणे मी गोष्टीत कुठेच ‘बेशुद्ध’ ठेवलेलं नाही, हे त्यांनी पडताळून घ्यावं.

काही जण मात्र राहून गेले. दोघांचे फोन एका आठवड्यानंतर लागलेच नाहीत. त्यांचे तिसरे रकाने तपासायच्या आधीची ती गोष्ट. ते कुठेतरी बरे असतील असं मी मानते. माझ्याकडे ते कळण्याचा मार्ग नाही.

आता नील, तुझ्याबद्दल. परवा रविवारी तू विचारलंस, ‘‘आजी, जेवलीस का?’’ मी म्हटलं, ‘‘झालं रे.’’ तुमचं जेवण व्हायचं होतं, आईची घाई चालली होती, म्हणून म्हटलं. खरं म्हणजे त्या दिवशी मी दुपारी दोन बिस्किटं खाल्ली होती आणि कंटाळा करून तशीच पडले होते. फोन ठेवला आणि मला सरांचा रिकामा फ्रिज आठवला. उठले, खिचडी टाकली आणि ती होईपर्यंत माझी जुनी वही काढून बसले. सत्तावीस जणांचा तिसरा रकाना मी भरून घेतला होता. माझा स्वतःचा कुणी कधी विचारला नव्हता आणि मीही सांगितला नव्हता.

सोमवारी सकाळी समोरच्या जोशीकाकूंना माझी एक किल्ली नेऊन दिली. त्यांनी विचारलं, ‘‘कुठे बाहेरगावी निघालात का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही. इथेच आहे, म्हणूनच देते आहे.’’ त्या आत गेल्या आणि त्यांची एक किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली.

त्यांचा नंबर इथे छापणार नाही, ईराच्या फोनवर पाठवला आहे. हे वाचून झालं की आमच्याकडे दिवस आहे ना ते बघा आणि लगेच फिरवून पाहा. जोशीकाकू उचलतील. त्यांना सांगा, आजीचं दार वाजवा. मी उघडीन. आणि मग जे काही विचारायचं ते विचारा, फक्त ‘झालं का’ नको. काय केलंय ते विचारा. मी कॅमेरा ओट्याकडे वळवीन.

तुमची,
आजी